फुंकलेलं बटण

आबांनी माझं पांढरं बटण उचललं, तोंडाजवळ नेलं, त्याच्यावर एक फुंकर मारली आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिलं. मग माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच काहीतरी आगळीक केली आहे.

"हे काय केलं त्यांनी?" माझ्या थोरल्या दिरांनी, रघुनाथ भावजींनी विचारलं.

मला तरी कुठं ठाऊक होतं? बरेच दिवस ते अधूनमधून असंच करत होते. आमचा बटणांचा डाव रंगात आला, की मध्येच माझं एखादं बटण उचलायचं, फुंकायचं आणि बाजूला ठेवायचं. त्याच्यावरून उडी नाही, काही नाही, नुसतं उचलायचं. आणि मी मात्र भावजींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "आबांना सगळं समजतं. माझ्याशी डाव खेळतात. तुम्ही स्वतः बघा." भावजी पुण्याहून आले, हातपाय धुतले, खुर्ची ओढून बघायला बसले, आणि आबांनी नेमकं तेच केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"धूळ उडवत असतील," माझा नवरा मुरली मशीनवरून म्हणाला. त्यालाही ते फारसं पटलेलं नव्हतं, हे आवाजावरून कळत होतं.

"धूळ नाही रे. लहान मूल असंच करतं," भावजी हळू आवाजात बोलले. "आमची धाकटी लहान असताना कॅरमच्या सोंगट्या अशाच उचलायची आणि फुंकायची."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. निकाल लागला, हे मला तेवढ्यावरून समजलं.

वीस-बावीस वर्षं झाली या गोष्टीला. आबा म्हणजे माझे सासरे, धोंडीराम हेंद्रे. तालुक्याच्या पेठेत त्यांचं शिंपीकामाचं दुकान आणि मागं घर. कोट शिवावा तर हेंद्र्यांनीच, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं, आणि ते ऐकून ऐकून आबांचं नाक कायम जरा वरच असायचं. मी नवी नवरी म्हणून घरात आले, तेव्हा त्यांनी माझ्या पोलक्याची शिवण लांबूनच बघितली आणि सासूबाईंना म्हणाले, "शिंप्याचीच पोर न्हवं ही? मग ही शिवण कुणी घातली, गवंड्यानं?" सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी आतल्या आत जळफळले. ती शिवण माझ्याच हातची होती.

त्यानंतर सासरा-सून म्हणून आमचं जे काही बोलणं झालं, ते चहा, जेवण आणि नळाचं पाणी यापलीकडे गेलं नाही. सासूबाई गेल्यावर तर तेही आटलं. मग एका सकाळी कोटाची बाही जोडता जोडता आबा मशीनवरच कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले ते फक्त एक 'हं' घेऊन. भूक लागली तरी हं, नको असलं तरी हं, मुरली समोर आला तरी हं. ज्या माणसाच्या जिभेला अख्खी पेठ वचकून असायची, त्याच्या तोंडी एवढंच उरलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, डाव्या हाताला सवय लागू द्या, बारीक वस्तू उचलायला लावा. शिंप्याच्या घरात बारीक वस्तूंना काय तोटा? मी बटणांचा डबा त्यांच्यापुढे ओतला. आबांनी चार बटणं उचलली आणि कंटाळून तोंड फिरवलं. मलाही पटलं. कोट शिवणाऱ्या माणसाला बटणं निवडायला बसवायचं म्हणजे काय!

तेव्हा मला माहेरचा खेळ आठवला. आंबेरीला देवळाच्या कट्ट्यावर दगडातच एक पट कोरलेला होता. मोठा चौकोन, त्यात उभ्या-आडव्या रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या तिरक्या. रेघा जिथं मिळतात तिथं घर. बारा सोंगट्या याच्या, बारा त्याच्या, मधलं घर रिकामं. रेघेवरून एक घर सरकायचं. शेजारच्या घरात समोरच्याची सोंगटी असली आणि तिच्यापलीकडचं घर मोकळं असलं, तर तिच्यावरून उडी मारून ती मारायची. त्या उडीनंतर लगेच दुसरी उडी मिळत असली, तर तीही घ्यायची. बारा-बारा म्हणायचो आम्ही याला. पेठेत हा खेळ कुणालाच माहीत नव्हता, तिथं सगळा कारभार पत्त्यांचा.

मी कापड बेतायच्या टेबलावर शिंपीखडूनं पट आखला. कोटाची काळी बटणं आबांकडे मांडली, शर्टाची पांढरी माझ्याकडे. कसं खेळायचं ते सांगायला तोंड उघडणार, तोच आबांचा डावा हात पुढे आला आणि त्यांनी एक काळं बटण बरोबर रेघेवरून मधल्या घरात सरकवलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी टेबलावर बोटानं टकटक केलं. तुझी पाळी.

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही खेळायला लागलो. इतक्या वर्षांत समोरासमोर न बसलेले सासरा-सून आता टेबलाच्या दोन बाजूंना. बरं, आजारी माणसाची बटणं मारायची तरी कशी? मला दिसायचं, इथं मारता येतंय, पण मी तिकडे कानाडोळा करायची आणि दुसरंच काहीतरी सरकवायची. तेवढाच म्हाताऱ्याला आनंद. आबा मात्र माझी बटणं सटासट मारायचे, आणि मला ते बघून बरं वाटायचं. मग ती फुंकर सुरू झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. डोकं शाबूत असलेला माणूस असं करेल का?

त्या संध्याकाळी भावजींनी विषय काढलाच.

"शहरात एक संस्था आहे. मी बघून आलोय. चोवीस तास नर्स, डॉक्टर रोज येतात. इथं मुरली दुकान बघणार की आबांना? आणि शालन, तू एकटी किती करणार?"

"मी तक्रार केली का?"

"तू करणार नाहीस, म्हणून तर मला बोलावं लागतंय." भावजी खरंच अवघडले होते. वाईट माणूस नव्हे तो. "हे बघ, त्यांना समजत असतं ना, तर मी हा विषय काढला नसता. जित्या-जागत्या बापाला कुणी परक्यांत ठेवतं का? पण आपण कुठं आहोत हेच त्यांना कळत नसेल, तर इथं काय आणि तिथं काय?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. भावजींना वाटत होतं, काही कळत नाही. मला वाटत होतं, कळतं. आणि कळत असेल तर? सगळं कळतंय, पण एक शब्द बोलता येत नाही, असा माणूस परक्या गावात, परक्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडलेला माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पण ती फुंकर आठवली, की माझीच जीभ लुळी पडायची.

"मुरली, तू बोल की काहीतरी," मी म्हणाले.

"दादा म्हणतोय ते अगदीच खोटं नाही गं," मुरली खाली बघून म्हणाला. त्याच्या हातात आबांची कात्री होती. नुसती उघडत होता, मिटत होता.

आबा खिडकीशी खुर्चीत बसून बाहेर बघत होते. आमचं ऐकत होते की नाही, देव जाणे.

रविवारी सकाळची गाडी ठरली. मी आबांचे सदरे, धोतरं, गरम कोट असं सगळं बॅगेत भरलं. कोट त्यांनी स्वतःसाठी शिवलेला, शेवटचा. बॅग दारात ठेवली. गाडी आली, ड्रायव्हर समोरच्या हॉटेलात चहाला गेला, आणि तेवढ्यात वेणूआत्या दारात उभ्या राहिल्या. डोक्यावर शेंगांचं गाठोडं, कपाळाला घाम. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. दोघांचा बाप लवकर गेला, म्हणून दोघं येरळा नदीपलीकडे बोरकुंडीला मामाकडे वाढली. आबा पुढं कामाच्या शोधात पेठेत आले, आत्या बोरकुंडीतच दिल्या गेल्या. मुरलीनं त्यांना निरोप धाडला होता.

"धोंड्या, कुठं निगालास रं बाबा?" गाठोडं खाली ठेवत आत्या म्हणाल्या. आबांनी त्यांच्याकडे बघितलं. "हं," म्हणाले. आत्यांनी त्यांचा लुळा हात हातात घेतला.

ड्रायव्हर अजून आला नव्हता. मला राहवेना. निदान जाताना हसतखेळत जाऊ दे, म्हणून मी टेबलावर बटणं मांडली. आबांची खुर्ची पुढं ओढली. आत्या शेजारी स्टुलावर बसून शेंगा सोलत बघायला लागल्या.

पाच-सहा चाली झाल्या. आणि आबांनी माझं एक बटण उचललं, फुंकलं आणि बाजूला ठेवलं. जायच्या वेळीसुद्धा तेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या मात्र खळखळून हसल्या. "फुकलं की गं तुजं!"

"म्हणजे?"

"म्हंजे काय? तुला ह्येचं हे काळं मारता येत हुतं, दिसलं न्हाई व्हय? मारलं न्हाईस. मग फुकनारच की त्यो."

मी आत्यांकडे बघतच राहिले. "आत्या, आमच्या आंबेरीत मारायचं की नाही, ही ज्याची त्याची मर्जी."

"तुमच्या आंबेरीचं ऱ्हाऊ दे. आमच्या बोरकुंडीत कायदा हाय. मारता येत असून मारलं न्हाई, तर ज्या सोंगटीनं मारायचं, तीच समोरच्यानं उचलायची, फुकायची, आन् पटावरनं भाईर काढायची. त्येच्यावर आनखी आपली चाल खेळायची. मामानं माज्या किती सोंगट्या फुकल्या, लई रडवली मला. आन् ह्यो धोंड्या मामाच्या वरताण. एक सुटू द्यायचा न्हाई." त्यांनी आबांच्या पाठीवर थाप मारली. "इसरला न्हाईस व्हय रं?"

"हं," आबा म्हणाले.

मी टेबलाच्या कडेच्या त्या पांढऱ्या बटणाकडे बघितलं. खरंच, तिथं मला मारता येत होतं. दिसलंही होतं. मीच सोडलं होतं, दया म्हणून. आणि मग आधीची सगळी आठवायला लागली. ज्या ज्या वेळी मी कानाडोळा केला, त्या त्या वेळी फुंकर. मी ज्याला भ्रम समजत होते, तो सगळा माझ्या मेहेरबानीवरचा दंड होता.

मी पदर खोचून बाहेर धावले. भावजी गाडीशी उभे होते. "भावजी, आत या. अहो, आधी आत या."

त्यांनी आत्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मुरलीही मशीन सोडून आला.

"आत्या, मला पटायला हवंय, खरंच हवंय," भावजी म्हणाले. "पण योगायोगही असू शकतो ना? उचलायची सवय लागली असेल, आणि नेमकं तुम्ही बघताना जुळलं असेल."

"मग बघा," मी म्हणाले. "मी आता मुद्दाम सोडते."

मी सोडलं. आबांनी लगेच ते बटण फुंकलं. पुढच्या वेळी मला मारता येत नव्हतंच, मी साधी चाल केली. आबांनी हात लावला नाही. परत सोडलं, परत फुंकलं. भावजी खुर्चीवर पुढे सरकले. चष्मा त्यांनी डोक्यावर चढवला आणि पटावर वाकले. त्यांना खेळ कळायला लागला होता.

आणि मग घात झाला. पटाच्या मधल्या रेघेवर आबांच्या काळ्या बटणाशेजारी माझं पांढरं होतं आणि पलीकडचं घर रिकामं. शाळकरी पोरालाही दिसलं असतं. आबांचा हात त्या बटणापाशी आला, थांबला, तिथून पुढे गेला आणि त्यांनी कोपऱ्यातलं भलतंच बटण सरकवलं.

"सुटलं," भावजींच्या तोंडून निघालं. ते मागं टेकले. "त्यांना मारता येत होतं. दिसलंच नाही त्यांना."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी माझ्या परीनं सावरून घ्यायला गेले. ते काळं बटण पाहिलंच नाही असं दाखवून मी माझं एक बटण उचलायला हात पुढे केला.

आबांनी माझा हात झटकला. डाव्या हाताच्या बोटानं ते त्या काळ्या बटणावर ठोकायला लागले. "हं."

"राहू दे आबा," मी म्हणाले.

"हं!" आता चेहरा लाल झाला होता. हा चेहरा मी ओळखत होते. गवंड्याची शिवण म्हणाले होते, तेव्हाचा चेहरा.

"फुक," आत्या म्हणाल्या. "त्येनं तुजी फुकली, तू त्येची फुक. कायदा म्हंजे कायदा."

मी ते काळं बटण उचललं. ओठांजवळ नेलं. कसंबसं फुंकलं आणि बाजूला ठेवलं. आबांनी समाधानानं मान हलवली. मग माझी चाल. माझे डोळे भरलेले, पट धूसर दिसत होता, हाताला आलं ते बटण मी सरकवलं.

आबा जरा पुढे झुकले. मधल्या रेघेच्या कडेला त्यांचं एक काळं बटण मघापासून अडकून पडलं होतं. त्याच्यापुढे माझं पांढरं, आणि त्यापलीकडे त्यांचंच ते आता फुंकलेलं काळं, म्हणून त्याला उडी नव्हती. आता ते घर मोकळं झालं होतं. आबांनी कडेचं बटण उचललं. टक. माझं एक गेलं. तिथून पुढे, टक. दुसरं गेलं. मग वळून तिरक्या रेघेवरून, टक. तिसरं.

तिन्ही पांढरी बटणं त्यांनी एकेक करून उचलली आणि आपल्या बाजूला ओळीनं मांडली.

भावजींनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला. पटाकडे बघितलं, बाजूच्या त्या काळ्या बटणाकडे बघितलं. "मुद्दाम सोडलं होतं त्यांनी?"

"मग काय तर," आत्या शेंग फोडत म्हणाल्या. "मारलं असतं तर एकच मिळालं असतं. एक देऊन तीन घेतली. शिंपी हाय त्यो. चिंधी सोडंल, कापड सोडनार न्हाई."

मुरली हसला. हसता हसता त्यानं तोंड फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले.

भावजी उठले आणि आबांच्या खुर्चीपाशी खाली बसले. पुण्याच्या कारखान्यातला एवढा मोठा साहेब, इस्त्रीची पँट घालून दुकानाच्या फरशीवर. "आबा," ते म्हणाले, "परवा मी जे बोललो, ते सगळं तुम्ही ऐकलंत?"

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी भावजींच्या डोक्यावर ठेवला. "हं."

त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही. भावजी उठले, बाहेर गेले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तुझं भाडं घे आणि जा बाबा. आमचं जायचं रद्द झालं." येताना त्यांनी दारातली बॅग उचलून आत आणली आणि कोट काढून खुंटीला अडकवला.

माझा जीव भांड्यात पडला. मी टेबलाशी बसले. किती दिवस श्वास धरून वावरत होते, ते मला तेव्हा कळलं. आत्या म्हणाल्या, "आता रडतीस कशाला? च्या टाक की." मी हसले.

टेबलावर टकटक झालं.

आबा माझ्याकडे बघत होते. डाव संपला नव्हता आणि पाळी माझी होती. मी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि पटावर वाकले. तीन बटणं घेऊन पुढं आलेलं त्यांचं ते काळं बटण माझ्या एका बटणाच्या अगदी शेजारी उभं होतं. पलीकडचं घर रिकामं.

मी आबांच्या डोळ्यांत बघितलं, आणि मारलं.